वाचक विचारतात : मोटर किती किलोवॅटची, आणि किती वेळ?

गेल्या अंकात मोटरबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं होतं, तर प्रश्नांचा ढीगच आला. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, आणि काही उत्तरं मुद्दाम लांब ठेवलीत कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे. ज्यांची उत्तरं दोन ओळीत आटोपलीत त्यांनी रागावू नका.

प्रश्न : नमस्कार सर. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार चाललाय. जाहिरातीत मोटर १५० किलोवॅटची आणि तांत्रिक माहितीत बारीक अक्षरात ७० किलोवॅट. अर्ध्याहून कमी! खरं कुठलं आणि फसवतंय कोण?

दोन्ही आकडे खरे आहेत हो, फक्त दोन्हींची वेळ वेगळी आहे आणि ती वेळ जाहिरातीत कुणी छापत नाही. १५० म्हणजे पीक पॉवर, कमाल ताकद, काही सेकंद, फार तर अर्धा-एक मिनिट. ७० म्हणजे मोटर जे सलग देऊ शकते ते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमध्ये ८५ नंबरचा नियम आहे, त्यात सलग तीस मिनिटं टिकणारी पॉवर कशी मोजायची ते दिलेलं आहे, बारीक अक्षरातला आकडा बहुतेक तोच असतो.

असं का, ते समजून घ्या, कारण पुढचे निम्मे प्रश्न याच्यावरच येऊन थांबतात. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा मावेल तेवढीच मावते, त्याच्या ताकदीला वरून छत असतं. मोटरला असं पक्कं छत नाही. करंट वाढवा, टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, वाढतो (एका मर्यादेनंतर लोखंड सॅच्युरेट होतं, आणखी चुंबकत्व फारसं घेत नाही, आणि मग तो हात आखडता घेतो, पण वाढतो). गोची अशी की करंट दुप्पट केला की तांब्यातली उष्णता चौपट होते. वर तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, २० अंशांवरून १२० वर गेलं तर सुमारे ४० टक्के जास्त, म्हणजे त्याच करंटला आणखी उष्णता. आपण चार मजले पळत चढू शकतो, चाळीस नाही, तसंच हे.

आणि मोटर जळते म्हणजे काय जळतं? तांबं नाही, तांब्यावरचं इन्सुलेशन. क्लास एफ म्हणजे १५५ अंशांपर्यंत, क्लास एच म्हणजे १८० पर्यंत. जुना ठोकताळा असा की ठरलेल्या तापमानाच्या वर प्रत्येक १० अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट किती द्यायचा ते ठरवणारी यंत्रणा, तापमान बघत बसलेला असतो आणि घाट संपता संपत नाही असं दिसलं की गपचूप ताकद कमी करतो.

त्यामुळे मोटरवरचं आजचं निम्मं संशोधन खरं तर प्लंबिंगचं आहे असं मी म्हणतो आणि मोटरवाले माझ्यावर चिडतात. पूर्वी स्टेटरभोवती (मोटरचा न फिरणारा भाग) पाण्याचं जॅकेट असायचं, पण उष्णता तयार होते वाइंडिंगमध्ये (तांब्याच्या वेढ्यांत) आणि ती इन्सुलेशन, स्टॅम्पिंग (लोखंडी पत्र्यांची चळत), बॉडी असं करत करत पाण्यापर्यंत पोचायची. आता वाइंडिंगच्या दोन्ही टोकांवर, जिथे ते लोखंडाबाहेर लोंबतं, तिथे थेट तेलाचा फवारा मारतात, रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) शाफ्टमधूनसुद्धा तेल फिरवतात. दुसरं, गोल तारेऐवजी चौकोनी पट्ट्या, त्याला हेअरपिन वाइंडिंग म्हणतात. गोल तारेत स्टेटरच्या खाचेची साधारण ४० ते ४५ टक्केच जागा तांब्याने भरते, हेअरपिनमध्ये ७० च्या आसपास जाते. तांबं जास्त म्हणजे रेझिस्टन्स कमी आणि उष्णता बाहेर पडायला वाटही बरी. तोटा पण ऐका, जाड पट्टीत जास्त फ्रिक्वेन्सीला करंट एका कडेला गोळा होतो आणि वेगात उलटा तोटा वाढतो, शिवाय एकेक टोक वेल्ड केलेलं असतं त्यामुळे अशी मोटर रिवाइंड करायला (जळालेलं तांबं काढून नवं गुंडाळायला) कुणी सहजासहजी तयार होत नाही.

तर शोरूममध्ये किती किलोवॅट विचारून झालं की लगेच विचारा, किती वेळ? समोरचा गोंधळला तर समजून घ्या.

प्रश्न : मी बारावीला आहे. आमच्या सरांनी सांगितलं मोटर शून्य वेगाला पूर्ण टॉर्क देते म्हणून गिअर लागत नाहीत. पण शून्य वेगाला ती काही कामच करत नाही ना? मग टॉर्क कुठून आला?

प्रश्न झकास आहे. टॉर्क आणि पॉवर वेगळ्या गोष्टी. टॉर्क करंटमुळे येतो, फिरण्यामुळे नाही. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग, तर वेग शून्य असताना पॉवर शून्यच, बरोबर बोललीस (किंवा बोललास), पण पिळ मात्र पूर्ण बसतो.

आता मोटर फिरायला लागली की ती स्वतःच थोडी जनरेटर होते आणि येणाऱ्या व्होल्टेजच्या विरुद्ध व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. शून्य वेगाला तो शून्य, म्हणून करंट ढकलायला काहीच अडथळा नाही, फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स. कंट्रोलर नसलेली कारखान्यातली इंडक्शन मोटर थेट लाइनवर टाकली की सुरुवातीला सहा ते आठ पट करंट घेते आणि आसपासचे दिवे मिणमिणतात, ते याच्यामुळेच (तिथे रोटरचा पण भाग आहे पण कल्पना तीच). गाडीत इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसीची मोटरला लागणारी एसी करणारी यंत्रणा, हा करंट बांधून ठेवतो.

वेग वाढत गेला की बॅक ईएमएफ बॅटरीच्या व्होल्टेजला भिडतो आणि करंट आत घुसायला जागाच उरत नाही. मग कंट्रोलर मुद्दाम थोडा करंट असा सोडतो की चुंबकाचं क्षेत्र दाबलं जाईल, फील्ड वीकनिंग म्हणतात त्याला, म्हणजे वेग वाढतो पण टॉर्क पडतो. ग्राफ काढलास तर आधी सपाट पठार आणि मग उतार. गिअर अजिबात नसतात असं नाही, एक ठरलेला रिडक्शन (वेग उतरवणारा गिअर) असतोच, आणि २०१९ च्या पोर्श टायकानला तर मागच्या चाकांना दोन गिअर दिलेत.

प्रश्न : गाडीच्या पुढच्या चाकांना मोटर आणि मागच्या चाकांना जनरेटर लावला तर बॅटरी चार्ज होत राहील. कंपन्या हे का करत नाहीत? दबाव असतो का?

दबाव असतो, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा. मागचा जनरेटर जेवढी वीज देईल त्याहून जास्त पुढच्या मोटरला ओढावं लागेल.

पण वीज परत मिळतेच, ब्रेक मारताना किंवा उतारावर. आणि एक नमुना असा आहे की ज्यात गाडी खर्चापेक्षा जास्त कमावू शकते : स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या चुनखडीच्या खाणीत कोमात्सूच्या डंपरचं इलेक्ट्रिक रूप चालवलं गेलं. खाण वर, कारखाना खाली. सुमारे ४५ टनांचा डंपर रिकामा वर जातो आणि सुमारे ६५ टन दगड घेऊन खाली येतो. म्हणजे ४५ टन चढवायचे आणि ११० टन उतरवायचे. खाली येताना मोटरीच जनरेटर होतात. ही फुकटची ऊर्जा नाही बरं का, डोंगराने दगडात साठवून ठेवलेली आहे, आपण ती खाली आणतोय. तुमच्या रस्त्यावर जाताना उतार आणि येतानाही उतार असेल तर मला जरूर कळवा.

प्रश्न : मोटरसाठी दुर्मिळ मूलद्रव्यं लागतात आणि ती एकाच देशाच्या हातात आहेत असं वाचलं. चुंबकाशिवाय मोटर बनत नाही का? संशोधन कुठवर आलंय?

बनते की. १८८० च्या दशकात गॅलिलेओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी जी फिरत्या चुंबकीय क्षेत्राची मोटर मांडली आणि १८८९ मध्ये डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीने जिला तीन फेजचं, पिंजऱ्याच्या रोटरचं रूप दिलं त्या इंडक्शन मोटरमध्ये कायमचा चुंबक औषधालाही नाही. जगातल्या बहुतेक कारखान्यांचे पंप आणि पंखे आजही तिच्यावरच चालतात. चुंबक लागतो तो लहान, हलकी, कमी तापणारी मोटर हवी असते तेव्हा.

नियोडिमियम-लोखंड-बोरॉन चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी, एकमेकांशी संबंध न ठेवता शोधला. त्याआधी समॅरियम-कोबाल्ट होता, जोरदार पण कोबाल्टमुळे महाग. सागावांचं डोकं इथे चाललं की कोबाल्टच्या जागी लोखंड घालायचं, आणि ते जमत नव्हतं ते बोरॉनमुळे जमलं. एका कारच्या मोटरमध्ये असे चुंबक साधारण एक-दोन किलो असतात, त्यातलं जेमतेम तीस टक्के नियोडिमियमच्या घरातलं, बाकी बहुतेक लोखंडच.

मग अडचण कशात? परत उष्णतेत. साधा नियोडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे डळमळायला लागतो, तापलेला असताना वाइंडिंगने उलटं क्षेत्र लादलं तर त्याचं चुंबकत्व कायमचं उतरतं, थंड झाल्यावरही परत येत नाही. मोटरमध्ये दीडशे अंश सहज होतात. म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात, हे नियोडिमियमपेक्षा कितीतरी दुर्मिळ आणि महाग, आणि खरा गळा इथे आवळलेला आहे. खनिज बऱ्याच देशांत आहे पण ते वेगळं करून शुद्ध करायचा धंदा मुख्यतः चीनमध्ये एकवटलाय. २०१० आणि २०११ मध्ये भाव भडकले तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले, मग भाव उतरले आणि बऱ्याच जणांचे परत मिटले, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम-टर्बियमसह काही मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली तेव्हा पुन्हा धावपळ.

यावर जे मार्ग चाललेत ते सांगतो, माझ्या आवडीच्या क्रमाने. पहिला, डिस्प्रोसियम सगळ्या चुंबकात न मिसळता फक्त कणांच्या कडांवर मुरवायचं, कारण चुंबकत्व ढासळायला सुरुवात कडेपासूनच होते. किंवा कणच इतके बारीक ठेवायचे की त्याची गरजच पडू नये. होंडा आणि दायदो स्टीलने २०१६ मध्ये जड दुर्मिळ मूलद्रव्यांशिवायचा चुंबक होंडा फ्रीड हायब्रिडमध्ये घालून दाखवला. मोटर जेवढी थंड राहील तेवढं डिस्प्रोसियम कमी लागतं, म्हणजे वरचं ते प्लंबिंग इथेही पैसे वाचवतं.

दुसरा, रोटरवर चुंबकाऐवजी तांब्याची कॉइल. रेनो झोई, बीएमडब्ल्यूची आयएक्स या गाड्यांत हेच आहे. फायदा असा की क्षेत्र हवं तेवढं कमी-जास्त करता येतं, हायवेवर वेगात असताना हे फार कामाला येतं. तोटा म्हणजे फिरत्या रोटरला वीज पोचवायला ब्रश आणि स्लिपरिंग (फिरती कडी आणि त्यांवर घासणारे ब्रश), आणि रोटरही तापतो. ब्रश टाळून हवेतून वीज द्यायचे प्रयोग चालू आहेत, माले कंपनीने २०२१ मध्ये आणि झेडएफने २०२३ मध्ये अशा मोटरी दाखवल्या.

तिसरा, जुनी इंडक्शन. टेस्लाच्या सुरुवातीच्या गाड्या आणि ऑडीची पहिली ई-ट्रॉन याच्यावर. हिचा एक गुण लोक विसरतात, वीज बंद केली की ती नुसती मोकळी फिरते, चुंबकवाली मोटर मोकळी फिरतानाही लोखंडात थोडी ऊर्जा खाते. म्हणून मॉडेल ३ च्या दोन मोटरींच्या गाडीत मागे चुंबकवाली आणि पुढे इंडक्शन अशी जोडी असते, पुढचीला गरजेपुरतं जागं करायचं.

चौथा, सिंक्रोनस रिलक्टन्स, रोटरमध्ये ना चुंबक ना कॉइल, फक्त लोखंडात कापलेल्या वाटा. कल्पना १९२३ ची, पण तिला चालवायला चांगला इन्व्हर्टर लागतो आणि तो तेव्हा नव्हता. रोटर जवळपास तापतच नाही, स्थिर मशिनरीत मला ही फार आवडते. गाडीत मात्र पॉवर फॅक्टर कमी, म्हणजे त्याच कामाला करंट जास्त, म्हणून इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो आणि आवाज, थरथर सांभाळावी लागते.

फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा चुंबक, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. स्वस्त आहे, पण क्षेत्र नियोडिमियमच्या साधारण एक तृतीयांश. आणि त्याचा स्वभाव उलटा, त्याला उष्णतेत नाही तर कडाक्याच्या थंडीत चुंबकत्व गमवायची भीती जास्त. उरलं रिसायकलिंग : बर्मिंगहॅम विद्यापीठात एक पद्धत निघाली, जुन्या चुंबकाला हायड्रोजन दिला की तो आपोआप भुगा होऊन गळून पडतो आणि त्या भुग्यापासून परत चुंबक करता येतो. रसायन सोपं, पण मोटर उघडून चुंबक बाहेर काढणं हेच महाकर्मकठीण, कारण बनवणाऱ्याने ते निघू नयेत म्हणूनच चिकटवलेले असतात.

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये ११ किलोवॅटच्या बऱ्याच मोटरी आहेत, आयई२ च्या. एक जण म्हणतो आयई४ घ्या, दुसरा म्हणतो ड्राइव्ह लावा. बजेट एकाचंच आहे. काय करू?

जगातल्या विजेपैकी साधारण ४५ टक्के मोटरीच खातात, त्यामुळे प्रश्न तुमच्यापुरता नाही. आयई म्हणजे कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तेवढी मोटर चांगली. चार पोलच्या ११ किलोवॅट मोटरला पन्नास हर्ट्झवर आयई२ म्हणजे ८९.८ टक्के कार्यक्षमता आणि आयई४ म्हणजे ९३.३. पूर्ण लोडवर फरक अर्ध्या किलोवॅटच्याही थोडा आत. वाईट नाही, मोटर वर्षभर चालत असेल तर पैसे फिटतात. पण ड्राइव्हचं, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टरचं, गणित वेगळं. सेंट्रिफ्यूगल पंप किंवा पंखा असेल तर लागणारी पॉवर वेगाच्या घनाने बदलते. वेग ८० टक्के केलात तर पॉवर ५१ टक्क्यांवर. इथे अर्धा नाही, पाचेक किलोवॅट वाचतायत.

म्हणून आधी बघा लोड काय आहे. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पंप चालवताय? ड्राइव्ह, दुसरा विचार करू नका. कन्व्हेअर किंवा कॉम्प्रेसर ठरलेल्या वेगाने, भरल्या लोडने चालतोय? मग ड्राइव्ह स्वतःच दोन-तीन टक्के खाईल, आयई४ घ्या. आणि पंप नुसता उंच टाकीत पाणी चढवत असेल तर घनाचा नियम तसाच्या तसा लागू होत नाही, उंची काही वेगाबरोबर कमी होत नसते, फार हळू केलंत तर पंप फिरतो आणि पाणी चढतच नाही.

एक खोच सांगतो जी विक्रेता सांगणार नाही. चांगल्या मोटरची स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा रोटर जेवढा मागे पडतो ते, कमी असते. जुनी १४४० आरपीएमने फिरत असेल आणि नवी १४७० ने, तर वेग दोन टक्के वाढला, पंप-पंख्याच्या हिशोबात पॉवर सहा टक्के वाढली. मोटरने वाचवलेले चार टक्के गेले कुठे? जास्त पाण्यात. त्या जास्त पाण्याची गरज असेल तर ठीक, नसेल तर पुली किंवा इम्पेलर (पंपातलं फिरणारं चक्र) जरा कमी करून घ्या. युरोपात जुलै २०२३ पासून ७५ ते २०० किलोवॅटच्या बहुतेक मोटरींना आयई४ सक्तीचं झालं, तेव्हाही ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी मागे राहून गेली असणार असं माझं मत.

ड्राइव्ह लावलात तर बेअरिंगकडे लक्ष ठेवा. इन्व्हर्टरच्या चिरफाड केलेल्या व्होल्टेजमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि ते बेअरिंगमधल्या ग्रीसच्या पापुद्र्यातून ठिणग्या टाकत उतरतं. काही महिन्यांत बेअरिंगच्या वाटेवर पन्हाळीसारखे पट्टे उठतात आणि मोटर कण्हायला लागते. मोठ्या मोटरला एका बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंगचा ब्रश, आणि केबल शिल्डेड.

रिवाइंडिंगने कार्यक्षमता पडतेच असं नाही. जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर भट्टीत घालतात तेव्हा तापमान सुमारे ३७० अंशांच्या आत राहिलं तर स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन टिकतं. जिथे गॅसची टॉर्च लावून जाळतात तिथे लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा एकच ठोकळा होतो आणि मग आतल्या आत करंट फिरून तो कायमचा तापत राहतो.

प्रश्न : कार आल्या, बस आल्या, मग ट्रॅक्टर, जेसीबी, जहाज, विमान इतके मागे का? मोटर कमी पडते का?

मोटर कधीच कमी पडली नाही! याकोबी या संशोधकाने १८३८ मध्ये रशियात नेवा नदीत माणसं बसवून मोटरवर बोट चालवली होती, ओटोचं चार स्ट्रोकचं इंजिन यायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती. तेव्हाही बोंब बॅटरीचीच, झिंक खाणारी बॅटरी कोळशापुढे परवडेना, भौतिकशास्त्रज्ञ जूलने याचा हिशोबच मांडला होता. आणि डिझेल लोकोमोटिव्ह बघा, बहुतेकांत डिझेल इंजिन चाकाला हातच लावत नाही, ते जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटरीच फिरवतात. मोठ्या खाणींतले अवाढव्य डंपरही असेच. म्हणजे अवजड कामात मोटर कधीची आहे, प्रश्न वीज बरोबर कशी न्यायची हा आहे.

ट्रॅक्टरचं साधं गणित करू. ६० किलोवॅटचा ट्रॅक्टर, सरासरी निम्म्या लोडवर आठ तास नांगरतोय, म्हणजे शाफ्टवर २४० किलोवॅट-तास. डिझेल एका किलोत सुमारे १२ किलोवॅट-तास घेऊन येतं, इंजिनाने त्यातलं ३५ टक्केच वापरलं धरलं तरी साठ किलोच्या आत डिझेल पुरतं. बॅटरी पॅक किलोला १६० वॅट-तास धरा, मोटर-इन्व्हर्टरचा थोडा तोटा धरा, दीड टनाच्या पुढे गेलात. ट्रॅक्टरला थोडं वजन हवं असतं पकडीसाठी, पण मग माती दाबली जाते, आणि पेरणीच्या दिवसांत वाफसा गेला की गेला, तेव्हा चार्जिंगला थांबायला कुणाला वेळ असतो? कार दिवसातले बरेच तास उभी असते आणि चालते तेव्हाही पीक पॉवरच्या कितीतरी खाली. नांगरणी म्हणजे सलग लोड, बारीक अक्षरातला आकडा. तेव्हा फवारणी, गवत कापणी, लोडर, गोठ्यातली कामं इथे इलेक्ट्रिक आधी येईल, खोल नांगरणीत शेवटी.

एक्स्कॅव्हेटरमध्ये गंमत वेगळी आहे. तिथे नुसतं इंजिन काढून मोटर लावणं हे अर्धवट काम, कारण पंपाने दिलेल्या ऊर्जेचा मोठा भाग व्हॉल्व्हमध्ये तेल गरम करण्यातच जातो. खरी बचत हायड्रॉलिक्स बदलण्यात आहे, बूम (खोदणारा लांब हात) खाली येताना आणि कॅबिन वळून थांबताना ऊर्जा परत घेण्यात. कोमात्सूने २००८ मध्ये वळण थांबतानाची ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवणारा हायब्रिड बाजारात आणला होता. आणि जमिनीखालच्या खाणीत तर इलेक्ट्रिकचा फायदा दुप्पट, धूर नाही म्हणजे हवा खेळवायचा खर्च कमी.

जहाजात छोटा ठरलेला मार्ग असला की जमतं. नॉर्वेत २०१५ पासून आंपेर नावाची फेरी एका फ्योर्डवर (डोंगरांमधली अरुंद खाडी) बॅटरीवर चालते, साधारण वीस मिनिटांचा फेरा. तिथल्या गावांची वीजवाहिनी तेवढा झटका सोसेना म्हणून किनाऱ्यावरही बॅटऱ्या ठेवल्या, त्या हळूहळू भरायच्या आणि फेरी लागली की भसकन ओतायच्या. हा उपाय मला मोटरपेक्षा जास्त भावला. विमानात २०२० मध्ये पिपिस्ट्रेलच्या वेलिस इलेक्ट्रोला युरोपात पूर्ण प्रमाणपत्र मिळालं, दोन सीटचं, शिकवण्यापुरतं. नासाचं एक्स-५७ मात्र २०२३ मध्ये न उडताच बंद झालं, आणि वाटेत त्याच्या मोटर कंट्रोलरचे ट्रान्झिस्टर थरथर आणि उष्णतेने बरेच छळून गेले होते. लांब पल्ल्याची वाट बघू नका एवढ्यात.

प्रश्न : चाकातच मोटर बसवली तर गिअर, शाफ्ट सगळं वाचेल ना? आणि चकतीसारख्या चपट्या मोटरी आल्यात म्हणे, त्या खरंच भारी की नुसती हवा?

चाकातली मोटर १९०० च्या लोहनर-पोर्श गाडीतही होती. स्कूटरला ठीक आहे. कारमध्ये दोन अडचणी. एक, स्प्रिंगच्या खालचं वजन वाढतं, खड्ड्यात चाक जमीन सोडतं. दुसरी जास्त मूळची : मोटरचा आकार टॉर्कवर ठरतो, पॉवरवर नाही. तीच पॉवर दहापट वेगाने फिरवून गिअरने उतरवली तर मोटर खूप लहान होते. म्हणून आजच्या कार मोटरी मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास जातात, आणि तिथे रोटर फाटू नये म्हणून त्यावर कार्बन फायबर गुंडाळायची वेळ येते, टेस्लाने २०२१ च्या प्लेडमध्ये केलं तसं. चाकातल्या मोटरला ही पळवाट नाही.

चपट्या, म्हणजे अॅक्शियल फ्लक्स मोटरी भारी आहेत, हवा नाही. टॉर्क मोठ्या व्यासावर मिळतो आणि लोखंड कमी लागतं. ऑक्सफर्ड विद्यापीठातून २००९ मध्ये निघालेली यासा कंपनी यातली अग्रणी, २०२१ मध्ये मर्सिडीजने घेतली. त्रास बनवण्यात आहे. चकती आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरभर, चुंबक दोन्ही बाजूंनी प्रचंड ओढतात, जराही तिरकं झालं की घासलंच. किमतीच्या जोरावर साध्या गाडीत ती नेहमीच्या गोल मोटरला इतक्यात हटवेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : ताई/सर, मी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोटरवर प्रोजेक्ट करायचाय पण सगळे म्हणतात मोटर दोनशे वर्षं जुनी, त्यात आता काय उरलंय. विषय सुचवा ना.

चांगली मोटर ९५ टक्क्यांच्या पुढे गेलीच आहे, त्यामुळे ‘नवीन कार्यक्षम मोटर’ असा विषय घेऊ नकोस, गाईड खूश होईल पण हाती काही लागणार नाही. कडेचे प्रश्न बघ. इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे झटपट चालणारे स्विच आल्यापासून व्होल्टेज काही दहा नॅनोसेकंदांत चढतं, लांब केबल असेल तर लाट परत आपटून मोटरच्या टर्मिनलवर ते जवळपास दुप्पट होतं आणि त्याचा बहुतेक मार कॉइलच्या पहिल्या काही वेढ्यांवर बसतो. तिथे इन्सुलेशनमध्ये बारीक डिस्चार्ज होतात आणि ते आतून पोखरलं जातं. ८०० व्होल्टच्या गाड्यांमुळे हा प्रश्न आणखी तापलाय. दुसरं, करंटच्या लहरी बघून बेअरिंग किंवा रोटरचा बार बिघडलाय हे आधी ओळखणं. तिसरं, सहज उघडता येईल अशी मोटर. चुंबकीय क्षेत्राचं गणित करायला एफईएमएम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तिथून सुरू कर.

पण आधी एक काम कर जे कॉलेजच्या लॅबमध्ये पैसे न घालवता होतं, वाइंडिंगचं खरं तापमान मोज. थर्मामीटर नको, रेझिस्टन्स मोज. गरम रेझिस्टन्सला थंड रेझिस्टन्सने भाग, त्याला थंड तापमान अधिक २३४.५ ने गुण, आणि उत्तरातून २३४.५ वजा कर. थंड असताना २५ अंशांवर २ ओहम आणि चालवून झाल्यावर २.६ ओहम आलं तर वाइंडिंग सरासरी १०३ अंशांवर आहे, आणि सगळ्यात गरम ठिकाणी त्याहून जास्त. मोटर थांबल्यावर ती लगेच निवायला लागते म्हणून दर तीस सेकंदांनी रीडिंग घे आणि ग्राफ मागे ओढत शून्य सेकंदापर्यंत ने. रोटर पूर्ण थांबल्याशिवाय मीटर लावू नकोस, आणि ड्राइव्हवर असेल तर मोटरच्या तारा आधी ड्राइव्हपासून सोडव, त्याचे कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले असतात.